खोली मोजा, मग गादी घ्या: बेडरूमसाठी गादीचं माप कसं ठरवायचं

गादीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सहा बाय पाच दाखवू की सहा बाय सहा?’ बहुतेक जण त्याचं उत्तर तिथेच उभ्या उभ्या देऊन टाकतात. गादी घरी येते, पलंगावर बसतेही. मग कळतं की कपाटाचं दार अर्धंच उघडतंय, किंवा भिंतीकडच्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उठावं लागतंय. गादीवर किती जण झोपणार हा प्रश्न आहेच, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की पलंग ठेवल्यावर खोलीत चालायला किती इंच उरतात.

पलंग घरात आधीच असेल आणि नुसती गादी बदलायची असेल, तर खोलीचं गणित सोडून थेट ‘पलंग तयार असेल तर’ या भागापासून वाचा.

बाजारातली मापं

आपल्याकडे तयार गादीची लांबी प्रामुख्याने तीन मापांत मिळते: ७२, ७५ आणि ७८ इंच. बोलताना सहा, सव्वासहा आणि साडेसहा फूट. रुंदी अशी:

सिंगल: ३० किंवा ३६ इंच
डबल: ४८ इंच
क्वीन: ६० इंच
किंग: ७२ इंच

गोंधळ होतो तो बोलण्यातल्या मापामुळे. ‘सहा बाय पाच’ म्हणताना कुणाच्या मनात ७२ × ६० असतं, कुणाच्या ७५ × ६०, तर कुणाच्या ७८ × ६०. तिन्ही क्वीनच. पलंग ७८ चा आणि गादी ७२ ची आली की डोक्याकडे सहा इंचांची फट पडते आणि उशी रोज तिच्यात जाते. दुसरा घोळ ‘डबल’चा. घरात आपण दोघांच्या कुठल्याही पलंगाला डबल बेड म्हणतो, दुकानाच्या यादीत मात्र डबल म्हणजे चार फूट रुंद. म्हणून ऑर्डर देताना नावं विसरा, तिन्ही आकडे इंचांत सांगा आणि बिलावर तसेच लिहून घ्या: ७८ × ६० × ६, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी.

आता माणशी हिशोब. ४८ इंचांवर दोघं झोपले तर वाट्याला २४ इंच येतात. बाळाच्या कॉटमधली गादीसुद्धा साधारण एवढी रुंद असते. त्यामुळे ४८ हे एका ऐसपैस झोपणाऱ्या माणसाचं, किंवा अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांचं माप समजा. ६० इंचांवर प्रत्येकी ३०. दोघांना पुरतं, पण एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळतं. ७२ वर प्रत्येकी ३६, म्हणजे दोन पूर्ण सिंगल. मूल मध्ये झोपत असेल तर ७२ च हवी. पण मूल दोन-तीन वर्षांत वेगळं झोपणार असेल, तर तेवढ्यासाठी लहान खोलीत किंग कोंबू नका. क्वीनच्या शेजारी तात्पुरती सिंगल गादी जमिनीवर टाकणं त्यापेक्षा बरं.

लांबीचा नियम सोपा आहे: घरातल्या सर्वांत उंच माणसाची उंची अधिक सहा इंच. आडवं झाल्यावर पावलं सैल पडून पुढे जातात आणि उशीमुळे डोकंही गादीच्या टोकाला टेकत नाही. हे सहा इंच त्या दोन्हींसाठी. साडेपाच फुटांपर्यंत ७२ चालते, पाच फूट नऊपर्यंत ७५, त्यापुढे ७८. शंका असेल तर ७८ घ्या. लांबीच्या तीन इंचांनी खोली क्वचित अडते, रुंदीच्या बारा इंचांनी हमखास. त्या क्वचितमधलं एक उदाहरण पुढे आहे.

खोली मोजताना

बिल्डरच्या नकाशावर १० × ११ लिहिलेली खोली टेपने ११८ × १३० इंच भरणं अगदी नेहमीचं आहे. प्लास्टर आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी) मिळून प्रत्येक दिशेला एक-दोन इंच खातात. कार्पेट एरियाच्या आकड्यावरून तर खोलीचा अंदाज बांधूच नका: रेरा कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींखालची जागाही कार्पेटमध्ये धरलेली आहे.

स्टीलचा टेप घ्या. शिवणाचा कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो. प्रत्येक दिशेचं माप तीन ठिकाणी घ्या, दोन्ही भिंतींलगत आणि मध्ये, कारण भिंती एकमेकींना समांतर असतीलच असं नाही. जमिनीलगत मोजा, म्हणजे स्कर्टिंग आपोआप धरलं जातं. तिन्हींतला लहान आकडा खरा. कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला असेल तर तो किती इंच बाहेर आहे ते वेगळं लिहा. पलंगाची पाठ, म्हणजे हेडबोर्ड, तिथेच अडते.

मग चौकटींच्या कागदावर खोली काढा आणि तीवर या गोष्टी मांडा: खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, बाथरूमचं दार आत उघडतं की खोलीत, खिडकी किती उंचीवर आहे, स्विचबोर्ड कुठे आहेत, कपाट कुठे आहे किंवा येणार आहे. स्विचबोर्ड विसरू नका. क्वीन धरून पलंगाच्या दोन्ही बाजूंना काढलेले पॉइंट किंग आला की पाठीमागे दबतात, आणि मग फोनचा चार्जर लावायला रोज हेडबोर्डमागे हात घालावा लागतो.

कागदावरचं जमलं की जमिनीवर पाहा. फरशी ही आयती आलेखवही आहे. घराघरांतल्या व्हिट्रिफाइड टाइल्स बहुधा ६०० × ६०० मिलिमीटरच्या असतात. आपण त्यांना ‘दोन बाय दोन’ म्हणतो, पण दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. दर टाइलमागे सेंटिमीटरभर कमी. पाच टाइल मोजून ‘दहा फूट’ म्हटलं तर खरी जागा जवळपास दोन इंचांनी कमी भरते. अंदाजासाठी मात्र टाइल झकास: किंगची रुंदी तीन टाइलपेक्षा इंचभर जास्त, क्वीनची अडीच टाइलपेक्षा इंचभर जास्त, ७८ इंच लांबी म्हणजे तीन टाइल आणि वर सात इंच. खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने पलंगाची चौकट आखा. फक्त गादीची नको: पाठीला दोन ते चार इंच, पायथ्याला एक, दोन्ही कडांना एकेक इंच धरून आखा. मग त्या आखणीला पाय न लावता दोन दिवस वावरून पाहा. कपाट उघडा, खिडकी लावा, झाडू मारा, कपड्यांची बादली घेऊन जा. जिथे पाय आखणीवर पडतो तिथे उद्या गुडघा आपटणार आहे.

किती जागा सोडायची? रोजच्या येण्याजाण्याच्या बाजूला २४ इंच किमान, ३० इंच आरामात. फक्त चादर खोचायला जायचं असेल तर १८ चालतात. उघडझाप दारांच्या कपाटापुढे ३० इंच हवेत: दार साधारण १८ इंच पुढे येतं आणि ते धरून माणूस उभा राहायला आणखी फूटभर. सरकत्या दारांच्या कपाटापुढे २४ पुरतात, पण ते कपाटच २४ ऐवजी २६-२७ इंच खोल असतं, कारण रुळांना जागा लागते. हा दोन-तीन इंचांचा भुर्दंड हिशोबात धरायला लोक विसरतात. पलंगाला बाजूचे ड्रॉवर असतील तर त्या बाजूला पुन्हा ३० इंच धरा, आणि ती बाजू भिंतीला लावणार असाल तर ड्रॉवरवर पैसे घालू नका.

एक खोली, दोन मांडण्या

वरचीच खोली घेऊ: ११८ × १३० इंच. गादी ७८ लांब, पाठ-पायथा धरून पलंग ८२ लांब. क्वीन पलंग ६२ रुंद, किंग ७४. कपाट २४ खोल.

पहिली मांडणी: कपाट १३० च्या, म्हणजे लांब भिंतीला आणि पलंगाची पाठ ११८ च्या भिंतीला. रुंदीत ११८ मधून कपाटाचे २४ गेले, उरले ९४. क्वीन समोरच्या लांब भिंतीला चिकटवून ठेवला तर कपाटापुढे ३२ इंच राहतात. छान. पण तो मध्ये आणून दोन्हीकडून उतरता यावं म्हटलं तर १६-१६ इंच उरतात. कुठल्याच बाजूने धड चालता येत नाही. किंग ठेवला तर भिंतीला चिकटवूनही कपाटापुढे २० इंच. दार उघडेल, पण समोर उभं राहायला जागा नाही. पायथ्याला मात्र ४८ इंच रिकामे पडून राहतात, त्यांचा उपयोग इस्त्रीच्या टेबलाएवढाच.

दुसरी मांडणी: तेच कपाट पलंगाच्या पायथ्यासमोरच्या ११८ च्या भिंतीला. आता क्वीनच्या दोन्ही बाजूंना २८-२८ इंच मिळतात, छोटी टेबलंही बसतात. अडचण पायथ्याला: १३० वजा २४ वजा ८२, उरले २४. उघडझाप दारांना हे कमी. इथे गादीची लांबी ७८ ऐवजी ७५ केली तर २७ होतात, आणि कपाटाची दारं १८ ऐवजी १५ इंचांची करून घेतली तर काम भागतं. घरात कुणी पाच फूट नऊच्या वर नसेल तर ७५ घ्यायला हरकत नाही. खोलीचं दार याच भिंतीत असेल तर कपाट त्याच्या बिजागरीच्या बाजूला आणू नका. दार लांब भिंतीला टेकून पूर्ण उघडलं पाहिजे. ते पलंगाला लागत नाही, कारण पायथा भिंतीपासून ५१ इंच लांब आहे.

किंग या मांडणीत बसतो, पण बाजूंना २२-२२ इंच राहतात आणि टेबल ठेवलं की वाट बंद. आमच्या मते या खोलीला ६० च शोभते. किंग घ्यायचा तर खोली १२ × १२ च्या आसपास हवी: प्रत्यक्षात १४२ × १४२ भरली तरी बाजूंना ३४-३४ आणि पायथ्याला, कपाट धरून, ३६ इंच मिळतात. ९ × १० च्या दुसऱ्या बेडरूममध्ये कपाट असेल तर ४८ ची गादी भिंतीला लावून किंवा सरळ ३६ ची सिंगल, यापुढे जाऊ नका.

घरात डोकं कुठल्या दिशेला करायचं हे ठरलेलं असेल, तर ते आकडेमोडीच्या आधी ठरवून टाका. अनेक घरांत दक्षिण किंवा पूर्व असा आग्रह असतो आणि उत्तरेला कुणी डोकं करत नाही. दिशा ठरली की पाठीची भिंत ठरते. वरच्या दोन्ही मांडण्यांत पाठ ११८ च्या भिंतीला आहे; ती १३० च्या भिंतीला आली तर दोन्हींचे आकडे बदलतात. किंग विकत घेतल्यावर ज्येष्ठ मंडळींनी पलंग फिरवायला लावला, तर गणित नव्याने मांडावं लागतं.

पलंग तयार असेल तर

जुनी गादी मोजू नका. कापसाची गादी वापरून पसरते, फोमची कडेने दबते, आणि दोन्ही पलंगाचं माप सांगत नाहीत. गादी उचलून पलंग मोजा.

पलंगाला कडेची पट्टी असेल, म्हणजे गादी तिच्या आत बसत असेल, तर आतून आतपर्यंत माप घ्या: लांबी दोन्ही कडांना आणि मध्ये, रुंदीही तशीच. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर पलंग काटकोनात नाही आणि गादीचा एक कोपरा वर राहणार. आतल्या मापापेक्षा गादी प्रत्येक दिशेने अर्धा ते पाऊण इंच कमी असावी, चादर खोचायला बोटं जायला हवीत. वरच्या बाजूने सपाट पलंग असेल तर गादी फळीच्या बरोबरीने घ्या. फळीबाहेर आलेली कड बसता बसता खाली वाकते आणि वर्षभरात तिथला फोम मरतो. उलट बाजूने, गादी आणि पाठ यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू देऊ नका. घरात तान्हं बाळ असेल तर हा सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे: पलंग आणि भिंत, किंवा गादी आणि पाठ यांच्या फटीत बाळ अडकू शकतं.

सुताराकडून पलंग करून घेणार असाल तर सर्वांत जास्त चुका इथे होतात. ‘सहा बाय पाच’ सांगितलं की तो बाहेरचं माप धरतो. दोन्ही कडांना १८ मिलिमीटरचा प्लाय, वर सनमायका. आतली रुंदी ६० ऐवजी साडेअठ्ठावन्न इंच निघते आणि ६० ची गादी मध्ये फुगून बसते. म्हणून आधी गादीचं माप पक्कं करा, आणि सुताराला लिहून द्या: ‘आतलं माप ७८ ३/४ × ६० ३/४’. ‘आतलं’ या शब्दाखाली रेघ मारा. कडेची पट्टी फळीच्या वर किती यायची हेही सांगा. इंच-दीड इंच पुरे. तीन इंचांची पट्टी दिसायला भारी, पण बसताना मांडीला रुतते आणि चादर घालताना नखं तोडते.

परदेशी मापाच्या तयार पलंगाचं वेगळं दुखणं. युरोपीय मापाचा पलंग १८० × २०० सेंटिमीटरचा असतो. आपली ७२ इंचांची किंग म्हणजे १८३ सेंटिमीटर. फरक तीन सेंटिमीटरचाच, पण गादी कडा सोडून आत जात नाही. अशा पलंगाला त्याच मापाची गादी बनवून घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या चादरींचं उलटं असतं: तिथली क्वीन ६० × ८०, म्हणून तिची इलॅस्टिकची चादर आपल्या ७८ × ६० वर चालून जाते. तिथली किंग ७६ × ८०, म्हणून तिची चादर आपल्या किंगवर चार इंच सैल पडते आणि रात्रीत गोळा होते.

जाडी: हे मापही मापच

लांबी-रुंदीत डोकं घालणारे लोक जाडी जाहिरातीवरून ठरवतात. गादीसकट पलंगाची जमिनीपासूनची उंची १८ ते २० इंच असावी, फार तर २२. कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. स्टोरेजचा बॉक्स साधारण १५ इंच उंच असतो. त्यावर ८ इंचांची गादी म्हणजे २३. पाच फुटी आजींचे पाय लोंबकळतात आणि रात्री उठताना त्या कडेवरून घसरतात. अशा बॉक्सवर ५ किंवा ६ इंचांचीच गादी घ्या. ८-१० इंचांच्या गाद्या कमी उंचीच्या, पायांच्या पलंगासाठी. ज्येष्ठांसाठी आणखी एक: कड घट्ट असलेली गादी घ्या. बसल्यावर तीन इंच दबणारी कड उठताना साथ देत नाही.

मुलांच्या दुमजली पलंगावर वरच्या मजल्याचा कठडा गादीच्या वर किमान ५ इंच उरला पाहिजे. म्हणून तिथे ४ इंचांची गादी, जाड नाही. मुलासाठी सिंगल घेताना ७२ × ३० ची स्वस्त दिसते, पण दहा-बारा वर्षांनी तीच तोकडी पडते. पलंग ७८ × ३६ चा करून ठेवा. ३० इंच रुंदी हॉलमधल्या दिवाणाला ठीक. तिथे लोक बसतात जास्त.

किंग एकसंध की दोन तुकड्यांत?

गादीचं वजन आधी काढा. ७८ × ७२ × ६ इंचांची गादी म्हणजे साधारण ०.५५ घनमीटर. ३२ घनतेच्या फोमची असेल तर वजन सतरा-अठरा किलो, एकट्याने उचलता येतं. तीच रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेल्या) फोमची, १०० घनतेची असेल तर ५५ किलो. ही घनता म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन, म्हणून गणित कुणालाही करता येतं. प्लायची झाकणं उचलून खाली गोधड्या, रजया, सणासुदीची भांडी ठेवायचा बॉक्स-पलंग असेल, तर ५५ किलोची एकसंध गादी दर वेळी कोण उचलणार? अशा पलंगाला ७८ × ३६ च्या दोन गाद्या घ्या. एक बाजू उचला, झाकण काढा, काम झालं. उन्हात टाकायच्या कापसाच्या गाद्याही याच कारणाने नेहमी दोन तुकड्यांत शिवतात.

हायड्रॉलिक पलंगाचं तसं नाही. तिथे फळी गादीसकट वर येते आणि दोन सुट्ट्या गाद्या घसरून एकमेकींवर येतात, म्हणून एकसंधच बरी. पण त्यातले गॅसचे दांडे वजनाला जुळवून बसवलेले असतात. जड गादी काढून हलकी टाकली तर झाकण नीट मिटत नाही, हलकी काढून जड टाकली तर ते वर थांबत नाही. गादी बदलताना जुनीचं वजन विचारात घ्या, नाहीतर दांडे बदलण्याचा खर्च धरा.

दोन तुकड्यांचा तोटा म्हणजे मधली फट. दोघांच्या गाद्यांची जाडी आणि प्रत एकच ठेवा, खालून रुंद पट्ट्याने दोन्ही बांधा, किंवा वरून एक-दीड इंचाचा अखंड टॉपर, म्हणजे पातळ वरची गादी, घाला. बाळ मध्ये झोपत असेल तर दोन तुकडे नकोतच.

आणि जिना. व्हॅक्यूम करून गुंडाळलेली फोमची गादी कुठेही जाते. न दुमडणारी ७८ × ७२ ची स्प्रिंगची किंवा कॉयरची गादी जुन्या इमारतीच्या चार-सहा माणसांच्या लिफ्टमध्ये शिरत नाही. उभी केली तरी सहा फूट आडवे राहतातच. मग जिन्याचं वळण बघावं लागतं, आणि तिथे कठडा आडवा आला तर गादी परत खाली. ऑर्डरच्या आधी लिफ्टचा दरवाजा, जिन्याची रुंदी आणि वळणावरची डोक्यावरची उंची मोजून घ्या. अडत असेल तर दोन तुकडे हाच उपाय.

भिंत, पावसाळा, चादर

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. गादीची कड तिला टेकली तर काळे ठिपके पडतात आणि वास येतो. तिथे भिंत आणि पलंग यांच्यात दोन-तीन इंच सोडा, आणि ते सुरुवातीच्या हिशोबातच वजा करा. तान्हं बाळ त्या कडेला झोपत असेल तर फट सोडून भागणार नाही. पलंग आतल्या भिंतीकडे न्या. बॉक्सच्या प्लायला हवेची भोकं पाडून घ्यायला विसरू नका. अखंड फळीवर गादीची खालची बाजू कधीच वाळत नाही.

चादरींचंही माप पाहा, नाहीतर गादीबरोबर कपाटातला सगळा साठा बदलावा लागतो. दोघांची म्हणून मिळणारी चादर बहुधा ९० × १०० किंवा ९० × १०८ इंचांची असते. ६० रुंद आणि ६ जाड गादीला दोन्ही कडा धरून ७२ इंच कापड लागतं, प्रत्येक बाजूला नऊ इंच खोचायला उरतात. ७२ रुंद आणि ८ जाड गादीला ८८ लागतात. ९० च्या चादरीत प्रत्येक बाजूला एक इंच उरतो, ती सकाळपर्यंत टिकत नाही. किंगला १०८ × १०८ हवी.

मागवताना आणि आल्यावर

वेगळ्या मापाची, खास बनवून घेतलेली गादी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. म्हणून ऑर्डरच्या आधी पलंग पुन्हा मोजा आणि शक्यतो दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. ऑनलाइन यादीत आकडे इंचांत आहेत की सेंटिमीटरमध्ये, आणि लांबी आधी लिहिली आहे की रुंदी, हे पाहा. मापात अर्ध्या ते एक इंचाचा फरक चालेल असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पट्टीच्या आत बसणाऱ्या पलंगाला जास्तीचा इंच चालत नाही, तेव्हा ‘कमी चालेल, जास्त नको’ असं लेखी कळवा. गादीवाल्याकडून कापसाची शिवून घेत असाल तर माप टाके घालून तयार झालेल्या गादीचं सांगा, कापडाचं नाही.

गुंडाळलेली गादी उघडल्या उघडल्या मोजून तक्रार करू नका. तिला पूर्ण फुगायला दोन-तीन दिवस लागतात, थंडीत मेमरी फोमला आणखी थोडे. पलंगावर सपाट उघडून ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि तिसऱ्या दिवशी लांबी, रुंदी, चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. एखादा कोपरा अर्ध्या इंचाहून जास्त बसका राहिला, किंवा लांबी इंचापेक्षा जास्त कमी भरली, तर टेप लावलेलाच फोटो काढून लगेच पाठवा. परत करायची मुदत संपेपर्यंत प्लास्टिक, खोकं आणि बिल माळ्यावर राहू द्या.